इशारा मोबाईलवर, मजूर शेतात

एप्रिल-मे म्हणजे विदर्भावर दुहेरी संकट. दुपारी पारा चाळिशी ओलांडतो. त्यात बंगालच्या उपसागरावरून बाष्प आले की तापलेल्या हवेतून ढग उभे राहतात आणि संध्याकाळपर्यंत विजा कोसळतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद ब्युरोनुसार 2022 मध्ये देशात विजेने 2,887 बळी घेतले. नैसर्गिक आपत्तींत हा आकडा सर्वाधिक होता.

हवामान खाते इशारा देते, ‘दामिनी’ ॲपही आहे. पण ‘घराबाहेर पडू नका’ हे भूमिहीन मजुराने पाळायचे कसे? रोजी बुडते. घरी थांबावे तर वस्तीतले टिनाचे छप्पर भट्टीसारखे तापते. शेतात आडोसा फक्त झाडाचा, आणि वीज झाडावरच पडते. ऊन सर्वांना सारखे, झळ मात्र सारखी नाही.

म्हणून आम्ही सुचवतो: संध्याकाळच्या वंदनेनंतर विहारात उद्याचा अंदाज वाचून दाखवा. दुपारी विहार उघडे ठेवा, माठ भरून ठेवा. मजुरीची वेळ पहाटे सुरू व्हावी, असा ठराव ग्रामसभेत मांडा. विजेने मृत्यू झाल्यास पंचनामा व शवविच्छेदन करून घ्याच. कागद नसले की 4 लाखांची सरकारी मदत अडते.

करुणा कृतीत दिसली पाहिजे. जय भीम!