साखर सुटते, पण पायरीपायरीने

चंदगड तालुक्यात साखरेविरुद्ध बोलणे सोपे नाही. हलकर्णीच्या 'दौलत' साखर कारखान्याचा हंगाम वेळेवर सुरू होतो की नाही, यावर इथल्या अनेक घरांचे वर्षाचे गणित अवलंबून राहिले आहे. सहकारी कारखाने सभासदांना सवलतीत साखर देतात आणि घरातले डबे भरतात. अशा घरात दवाखान्यातून 'गोड बंद करा' एवढाच सल्ला आला, तर तो आठवडाभरही टिकत नाही. यात खाणाऱ्याच्या मनाचा दुबळेपणा कमी आणि सल्ल्याचा तुटपुंजेपणा जास्त आहे. आधी काय कमी करायचे, त्याजागी काय घ्यायचे आणि नेम मोडला तर दुसऱ्या दिवशी काय करायचे, हे त्या सल्ल्यात नसते.

साखरेचे खरोखर व्यसन लागते का, यावर शास्त्रज्ञांचे एकमत नाही. आजारांच्या अधिकृत याद्यांत हे निदान सापडत नाही. उंदरांवरच्या गाजलेल्या प्रयोगांत मात्र एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. आधी तासन्‌तास उपाशी ठेवून मग साखरपाणी दिलेले उंदीर त्यावर तुटून पडत; ते सतत समोर असलेल्यांमध्ये ही वखवख तशी दिसली नाही. म्हणून कडक निर्धार करून दिवसभर पोट मारणे आणि संध्याकाळी बिस्किटांचा पुडा संपवणे, हा मार्ग आम्हाला चुकीचा वाटतो. पहिली पायरी पोटभर जेवणाची: भाकरी, उसळ, भाजी, आणि वेळेवर.

दुसरी पायरी मोजण्याची. इथे चहा हाच मोठा हिशेब. शेतावर, दुकानात, पाहुण्यांकडे मिळून दिवसाचे पाच कप सहज होतात. कपाला दोन चमचे धरले तर दहा चमचे, म्हणजे चाळीस ग्रॅमच्या आसपास. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये वरून घातलेली साखर एकूण ऊर्जेच्या 10 टक्क्यांच्या आत, आणि जमल्यास 5 टक्क्यांच्या आत ठेवायला सांगितले. ही दुसरी मर्यादा साधारण 25 ग्रॅम, म्हणजे सहा चमचे. बिस्किटे आणि शीतपेये मोजण्याआधीच आपण ती ओलांडलेली असते. गुळाचा चहा पिणाऱ्यांनीही गूळ याच हिशेबात धरावा. कोल्हापुरी गुळाचा अभिमान आम्हालाही आहे, पण रक्तातली साखर तोही वाढवतो.

यापुढचे काम सावकाशीचे. दर पंधरवड्याला कपामागे अर्धा चमचा कमी करावा. जीभ काही आठवड्यांत सरावते, मग पूर्वीचाच चहा गोडमिट्ट लागतो. चारच्या चहासोबतच्या बिस्किटाऐवजी फुटाणे किंवा शेंगदाणे ठेवावेत. उन्हातून आल्यावर शीतपेयाऐवजी ताक घातलेली नाचणीची आंबील घ्यावी. नाचणी तर इथल्याच शेतात पिकते.

अवघड पायरी घराबाहेरची आहे. पाहुण्याने 'बिनसाखरेचा' म्हटले की लगेच प्रश्न येतो, "का हो, शुगर झालीया काय?" नको म्हणणाऱ्यालाच उत्तर द्यावे लागते. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने 1986 पासून दारू सोडवताना रुग्णासोबत घरच्यांनाही कामात घेतले, रुग्णांच्या पत्नींसाठी 'सहचरी' हा गट उभा केला आणि पाठपुरावा कधी सोडला नाही. साखर म्हणजे दारू नव्हे. तिच्यापासून जन्मभर शंभर टक्के दूर राहण्याची गरज नाही. तरी सोबतीचा धडा तोच. घरात एकाचा चहा वेगळा करण्यापेक्षा सगळ्यांच्याच चहातली साखर कमी केलेली बरी. गणपतीत मोदक जेवणासोबत खावा आणि दुसऱ्या दिवशी ठरल्या पायरीवर परत यावे. एका सणाने सारे बिघडले असे समजून नाद सोडू नये.

एक इशारा मात्र स्पष्ट द्यायला हवा. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या सुरू असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय आहारात मोठा बदल करू नये. औषध तेवढेच राहिले आणि खाणे घटले तर रक्तातली साखर एकदम उतरते. दरदरून घाम येतो, हात थरथरतात, बोलणे अडखळते. अशा वेळी माणूस शुद्धीवर असेल तर लगेच साखर किंवा साखरपाणीच द्यावे आणि दवाखाना गाठावा.

तिशीनंतर मधुमेहाची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांत होते. आशाताई घरोघर येऊन माहिती भरून घेतात. त्या भेटीतच पायऱ्यांचा एक साधा तक्ता हाती द्यावा, आणि महिन्यातून एकदा उपकेंद्रात तो तक्ता भरणाऱ्यांना एकत्र बसवावे, अशी आमची मागणी आहे. एचबीएवनसी ही रक्ततपासणी मागच्या सुमारे तीन महिन्यांची सरासरी दाखवते. ऊसतोड सुरू होण्याआधी एकदा आणि गाळप संपताना दुसऱ्यांदा ती केली, तर या पायऱ्यांचा किती उपयोग झाला हे प्रत्येकाला आपल्याच कागदावर वाचता येईल.