शिवलकरांना 'बिचारे' का म्हणावे?

पद्माकर शिवलकर ३ मार्च २०२५ रोजी वारले, तेव्हा हळहळ पुष्कळ झाली. पण बहुतेकांच्या हळहळीचा सूर असा होता, की बिचाऱ्याला भारताकडून एकही कसोटी खेळायला मिळाली नाही. या 'बिचाऱ्या'ला माझी हरकत आहे.

शिवलकर डावखुरे फिरकी गोलंदाज. १२४ प्रथम श्रेणी सामने, ५८९ बळी, सरासरी १९.६९. एका डावात पाच किंवा अधिक बळी त्यांनी ४२ वेळा घेतले. ज्यांना आकड्यांचा कंटाळा आहे त्यांनी १९७२-७३ चा रणजी अंतिम सामना तेवढा पाहावा. सामना मद्रासला, चेपॉकवर. प्रतिपक्षात वेंकटराघवन आणि व्ही. व्ही. कुमार, म्हणजे फिरणाऱ्या खेळपट्टीचे भय खरे तर मुंबईलाच. मुंबईच्या धावा १५१ आणि ११३. यात सामना जिंकायचा कसा? शिवलकरांनी पहिल्या डावात १६ धावांत ८ आणि दुसऱ्या डावात १८ धावांत ५ गडी टिपले. तामिळनाडू ८० आणि ६१ वर आटोपला आणि मुंबईने लागोपाठ पंधराव्यांदा रणजी करंडक घेतला.

मग निवड का झाली नाही? उत्तर सर्वांना पाठ आहे : बिशनसिंग बेदी. १९६६ पासून १९७९ पर्यंत ६७ कसोटी खेळलेला हा थोर गोलंदाजही डावखुराच होता, आणि एका संघात दोन डावखुरे फिरकीवाले कशाला, असा हिशेब झाला. हरियाणाच्या राजिंदर गोयल यांचीही हीच कथा. मला हा हिशेब पटत नाही. प्रसन्ना आणि वेंकटराघवन दोघेही ऑफस्पिनर. ते एकत्र खेळलेच ना? तेव्हा अन्याय झाला हे मला मान्य आहे. परंतु अन्याय झालेला माणूस अयशस्वी ठरत नाही, आणि आपण नेमकी तिथेच गल्लत करतो. गावसकरांनी १९८३ च्या 'आयडॉल्स' या पुस्तकात आपल्या आदर्शांमध्ये शिवलकर व गोयल या दोघांनाही बसवले. त्यांनी टोपी मोजली नाही. क्रिकेट मंडळाला मात्र सी. के. नायडू जीवनगौरव या दोघांना देण्यासाठी २०१७ साल उजाडावे लागले!

आणखी एक गोष्ट आपल्या लक्षात येत नाही. १९७१ च्या आरंभी वाडेकर, सरदेसाई, गावसकर, सोलकर, अशोक मांकड वेस्ट इंडीजला गेले होते. त्या मोसमातही मुंबईने सुधीर नाईक यांच्या नेतृत्वाखाली रणजी करंडक राखला, तोही आपल्या महाराष्ट्र संघाला हरवून. बाहेर गेलेल्यांचे कौतुक झाले, ते रास्तच होते. पण घर सांभाळणारे मागे नसते तर पंधरा वर्षांची ती साखळी तिथेच तुटली असती.

शिवलकरांनी १९८७-८८ मध्ये, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, मुंबईसाठी पुन्हा दोन सामने खेळले. जो माणूस केवळ टोपीसाठी खेळत होता, तो या वयात कशाला परत येईल?

परभणीत बसून मुंबईच्या क्रिकेटची उठाठेव कशासाठी, असे कोणी विचारील. आपल्याकडे क्रिकेटपेक्षा कबड्डीचे वेड अधिक, पण तिथेही टाळ्या चढाईवाल्याला. कोपऱ्यात उभा राहून घोटा धरणाऱ्याचे नाव संध्याकाळपर्यंत कोणाला आठवत नाही. विद्यापीठाच्या संघात निवड झाली नाही की चांगली चांगली मुले दुसऱ्या वर्षीच मैदान सोडतात. घरचे म्हणतात, 'निवड नाही झाली ना? मग अभ्यासाला लाग.' त्यांचे तरी काय चुकले? आपणच त्यांना तसे शिकवले आहे. वार्षिकांकाच्या क्रीडा विभागात छायाचित्र छापायचे ते फक्त निवड झालेल्यांचे, ही जुनी रीत आहे. पुढील अंकापासून जे विद्यार्थी तिन्ही वर्षे महाविद्यालयाच्या संघातून खेळले, मग त्यांची पुढे निवड होवो वा न होवो, त्यांची नावे सामन्यांच्या संख्येसह छापावीत, अशी संपादक मंडळाला आणि क्रीडा विभागाच्या सरांना माझी विनंती आहे. एक पान पुरेल.