हवेचा हिशेब कोणाच्या हाती?

रुग्णालयातील हवेने रुग्णाला अपाय होऊ नये, ही अपेक्षा नवी नाही. आतील हवा बाहेरच्या हवेइतकी शुद्ध राखणे हे शुश्रूषेचे आद्य कर्तव्य होय, असे फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ मध्येच प्रतिपादिले होते. हवा तपासण्याची सोपी रीत प्रत्येक रुग्णखोलीत असावी, ही त्यांची इच्छा त्या काळी अपुरी राहिली. आज ती पुरी होऊ शकते. तळहातावर मावणारी बिनतारी संवेदकाची पेटी भिंतीवर लावली, की वॉर्डातील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण दर काही मिनिटांनी कळत राहते. बाहेरच्या हवेत हा वायू दशलक्षांत सुमारे ४२० भाग असतो. उच्छ्वासात सुमारे ४०,०००. वॉर्डातील आकडा चढू लागला, की एकाने सोडलेला श्वास दुसरा घेत आहे असे समजावे. ही पेटी क्षयाचे जंतू मोजत नाही. ते पसरण्यास अनुकूल स्थिती मात्र दाखवून देते. जगातील सुमारे एकचतुर्थांश क्षयरुग्ण ज्या देशात आहेत, तेथे या आकड्याचे मोल वेगळे सांगावयास नको.

परंतु मोजमाप म्हणजे सुधारणा नव्हे. पेरूमधील लिमा शहरातील आठ रुग्णालयांची पाहणी २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. दारे-खिडक्या उघडल्यावर तेथील खोल्यांतील हवा तासाला साधारणतः २८ वेळा बदलत होती. यांत्रिक वायुवीजनाच्या खोल्यांत १२ वेळाच. शिवाय १९५० पूर्वीच्या, उंच छताच्या इमारती नव्या इमारतींहून सरस ठरल्या. याचा अर्थ स्पष्ट आहे: जुन्या सरकारी रुग्णालयांच्या मोठ्या खिडक्या बुजवून वातानुकूलन आणणे म्हणजे प्रगतीच, असे मानण्याचे कारण नाही. अर्थात थंडीच्या रात्री खिडक्या मिटल्या जातात, रस्त्यालगत त्या धूरही आत आणतात. म्हणूनच अखंड नोंद हवी.

खरा प्रश्न या नोंदीच्या मालकीचा आहे. आकडे अधीक्षकांच्या संगणकातच राहिले, तर ते निविदेचे भूषण ठरतील. रुग्ण काही दिवसांनी घरी जातो. परिचारिका, आया आणि कंत्राटी सफाई कामगार तीच हवा वर्षानुवर्षे घेतात. रुग्णसेवेत जडणाऱ्या संसर्गजन्य रोगांना १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टाने व्यवसायजन्य रोगांत स्थान दिले होते. हवेची नोंद ही अशा दाव्यात कामगाराच्या हातातील पुरावा ठरू शकते. आणि म्हणूनच ती दडविण्याचा मोहही होतो.

आकडे उघड केल्यास घबराट पसरेल, असा आक्षेप घेतला जाईल. परंतु तापाचा आकडा रुग्णाच्या खाटेशी टांगला जातो, तेव्हा घबराट पसरत नाही. उपचार सुरू होतो. तेव्हा कार्यकर्त्यांनी केवळ यंत्रांची मागणी करून थांबू नये. प्रत्येक वॉर्डाच्या दाराशी आकडा मराठीत झळकला पाहिजे, मासिक नोंद कामगार संघटनेस मिळाली पाहिजे आणि आकडा चढताच कोणी काय करावयाचे, हे लेखी ठरले पाहिजे. हवा सर्वांची आहे. तिचा हिशेबही सर्वांसमोर असला पाहिजे.