निरामय घर : पाऊल ठरेल अशी फरशी

मुले शिक्षणासाठी वा नोकरीसाठी दूर गेली की अनेक घरांत दोन ज्येष्ठ व्यक्ती आणि एक कुत्रा एवढेच कुटुंब उरते. सकाळच्या फेरीला सोबत करणारा आणि दुपारी पायाशी येऊन निजणारा हा मुका जीव आप्ताइतकाच जवळचा होतो. मात्र त्याच्याबरोबर गळणारे केस, पावसाळ्यातील चिखलाचे पाय, पाण्याच्या भांड्याभोवतीची ओल आणि कधीमधी घरातच झालेली लघवी, हेही येते. म्हणून घराची डागडुजी काढली की ‘एकदा पुसली की लख्ख दिसेल अशी फरशी हवी’ ही पहिली मागणी असते. दुकानदार आरशासारखी चकाकणारी टाइल पुढे ठेवतो आणि बहुधा तीच पसंत केली जाते.

या निवडीत धोका आहे. गुळगुळीत फरशीवर थोडेसे पाणी सांडले तरी अनवाणी पाऊल घसरते. उतारवयात हाडे ठिसूळ झालेली असतात, तोल सावरण्याची चपळाई उरलेली नसते; त्यामुळे साध्या घसरण्यानेही खुब्याजवळचे हाड मोडू शकते. शस्त्रक्रिया यशस्वी झाली तरी अनेकांना पूर्वीसारखे स्वावलंबी चालणे पुन्हा जमत नाही. कुत्र्याचीही अवस्था वेगळी नसते. चकचकीत फरशीवर त्याचे मागचे पाय फाकतात, सांध्यांवर ताण येतो आणि वयस्क कुत्रे तर उठायलाच कचरते. म्हणजे घरातील दोन पायांची आणि चार पायांची मागणी एकच आहे : फरशी ओली असतानाही तिची पकड टिकली पाहिजे. टिकाऊपणा आणि स्वच्छतेची सोय या कसोटीनंतर पाहाव्यात.

पकड कशी ओळखावी?

टाइलच्या खोक्यावर किंवा माहितीपत्रकात पुष्कळदा ‘आर ९’ ते ‘आर १३’ असा निर्देश असतो. तेल लावलेल्या उतरत्या पृष्ठभागावर पादत्राणे घातलेली व्यक्ती किती अंशांच्या उतारापर्यंत न घसरता उभी राहते, यावरून तो ठरतो. ‘आर ९’ म्हणजे ६ ते १० अंश, ‘आर १०’ म्हणजे १० ते १९ अंश आणि ‘आर ११’ म्हणजे १९ ते २७ अंश. दिवाणखाना व शयनगृहासाठी ‘आर १०’, तर न्हाणीघर, सज्जा आणि कुत्र्याचे पाय धुण्याची जागा यांसाठी ‘आर ११’ मागावी. आपण घरात बहुधा अनवाणी वावरतो. अनवाणी पावलांसाठी ‘ए’, ‘बी’, ‘सी’ अशी वेगळी श्रेणी असते आणि तीत ‘सी’ची पकड सर्वाधिक असते. न्हाणीघराच्या टाइलसाठी तिचीही विचारणा करावी.

त्याहून सोपी परीक्षा घरी करता येते. दुकानातून टाइलचा एक नमुना आणावा. खुर्चीवर नीट बसून तो पायाखाली ठेवावा, त्यावर पाणी शिंपडावे आणि टाच घासून पाहावी. उभे राहून ही परीक्षा करू नये. मग त्याच नमुन्यावर थोडी आमटी सांडून वाळू द्यावी व ओल्या फडक्याने पुसावी. टाच अडली आणि डाग सहज निघाला, तर ती टाइल आपल्या कामाची.

कोणती फरशी काय देते?

मॅट पृष्ठभागाची व्हिट्रिफाइड टाइल बहुतेक घरांना मानवते. ती पाणी जवळजवळ शोषत नाही, नखांच्या ओरखड्यांना दाद देत नाही आणि नुसत्या साबणाच्या पाण्याने स्वच्छ होते. फार खरखरीत टाइल मात्र खोल्यांत घेऊ नये. तिच्या खाचांत मळ आणि केस अडकतात. लघवी मुरते ती मुख्यतः टाइलच्या सांध्यांत. सिमेंटने भरलेला सांधा ती शोषतो, वास राहतो आणि त्या वासाने कुत्रे पुन्हा त्याच जागी जाते. म्हणून सांधे एपॉक्सीने भरून घ्यावेत. खर्च वाढतो, पण वर्षानुवर्षांचे घासणे वाचते. भिंतीच्या पायाशी टाइलची पट्टीही बसवावी, कारण नर कुत्रे कोपऱ्यांवर लघवी करते.

शहाबादी, कोटा आणि कडप्पा हे चुनखडीचे दगड. पॉलिश न केलेल्या शहाबादी फरशीची पकड चांगली असते आणि ती पिढ्यान्‌पिढ्या टिकते. परंतु ती थोडे पाणी शोषते, म्हणून तिच्यावर सीलरचा लेप हवा. संगमरवर आणि संगमरवराच्या खड्यांची जुनी मोझेक फरशीही याच जातीची. आम्ल या सर्वांचे शत्रू आहे. शौचालयासाठीचे आम्ल, व्हिनेगर वा लिंबू यांनी त्यांची झिलई कायमची जाते. जुन्या मोझेकला चमक यावी म्हणून मेण लावून घेणे टाळावे.

लाकडी दिसणारी लॅमिनेट फरशी कुत्रा असलेल्या घरात न घेणे बरे. तिच्या सांध्यांतून ओल आत गेली की आतला लाकडी भुसा फुगतो आणि कडा वर येतात. तेच रूप हवे असेल तर जलरोधक व्हिनाइल पट्ट्या पाहाव्यात. त्या पायाला कमी गार लागतात, पावलांचा आवाज कमी करतात आणि जुनी फरशी सपाट असेल तर तोडफोडीविना तिच्यावर बसतात. अंथरुणाला खिळलेला रुग्ण घरात असताना ही मोठीच सोय होय. मात्र फरशीची उंची काही मिलिमीटरने वाढते. दारे खालून तासावी लागतात आणि दोन खोल्यांच्या सीमेवर उतरती पट्टी बसवावी लागते. ती राहून गेली तर ठेच ठरलेलीच.

रंगाचा विचार

फरशीचा रंग कुत्र्याच्या रंगापासून वेगळा असावा, हे सहसा कोणी सांगत नाही. मंद दृष्टीच्या आजोबांना तपकिरी फरशीवर निजलेले तपकिरी कुत्रे पहाटे दिसत नाही आणि अडखळून पडणे ओढवते. ठिपक्याठिपक्यांच्या फरशीवर सांडलेले पाणीही दिसत नाही. यास्तव एकरंगी, मध्यम छटेची फरशी उत्तम. स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीला चकाकणारी फरशी ओली वाटू शकते आणि गडद पायपुसणे खड्ड्यासारखे भासू शकते. अशा घरी फरशी व पायपुसणे यांच्या छटांत फार अंतर नसावे.

स्वच्छता, पण जपून

लघवी दिसताच ती जुन्या कापडाने वा कागदाने टिपून घ्यावी, पसरवू नये. मग सौम्य साबणाच्या पाण्याने पुसून जागा कोरडी करावी. वास राहत असेल तर विकरयुक्त, म्हणजे एन्झाइमयुक्त, द्रावण वापरावे. लघवीवर थेट ब्लीच ओतू नये. लघवीतील अमोनियाशी त्याचा संयोग होऊन घसा व फुप्फुसे चुरचुरवणारा वायू निघतो. दमेकऱ्यांना तो विशेष बाधतो. ब्लीच आणि आम्ल तर कधीच एकत्र करू नयेत, त्यातून विषारी क्लोरीन सुटतो. फिनेल वापरल्यास फरशी पूर्ण वाळेपर्यंत कुत्र्याला दूर ठेवावे, कारण ते पंजे चाटते आणि फिनेल त्याच्या पोटात जाते. बाधित प्राण्यांच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिस पसरू शकतो. त्यामुळे पुसताना हातमोजे घालावेत आणि लसीविषयी पशुवैद्यांना विचारावे.

फरशी पुसायची वेळही ठरवावी. ज्येष्ठ व्यक्ती आणि कुत्रा दोघेही दुसऱ्या खोलीत असताना, फडके घट्ट पिळून पुसावे आणि पंखा लावावा. पावसाळ्यात फरशी उशिरा वाळते, हे ध्यानी ठेवावे.

फरशी बदलणे शक्य नसेल तर

भाड्याचे घर असेल किंवा खर्च झेपत नसेल, तर सगळ्या घराची चिंता न करता एक वाट सुरक्षित करावी : पलंगापासून न्हाणीघरापर्यंतची. तिच्यावर रबरी तळाची लांब पट्टी अंथरून तिच्या कडा चिकटवाव्यात. जुन्या साडीचे पायपुसणे, गोणपाट वा सुटा गालिचा तेथे नको. कुत्र्याच्या एका धावेत तो गोळा होतो आणि पायात येतो. रात्री मंद दिवा लावावा. पाण्याचे भांडे वाटेतून काढून कोपऱ्यात, काठ असलेल्या ताटात ठेवावे. कुत्र्याची निजायची जागाही या वाटेपासून दूर असावी आणि तेथे न सरकणारी चटई घालावी.

कुत्र्याच्या पंज्यांकडेही लक्ष हवे. चालताना फरशीवर टकटक आवाज येऊ लागला की नखे वाढली आहेत असे समजावे. वाढलेली नखे आणि पंज्यांच्या गाद्यांमधील केस यांमुळे ते अधिक घसरते. दोन्ही वेळच्या वेळी कापून घ्यावेत.

इतके करूनही कोणी पडलेच आणि पायावर भार देता येत नसेल, किंवा पाय आखूड व बाहेर वळलेला दिसत असेल, तर त्या व्यक्तीला ओढून उभे करू नये. आहे त्या स्थितीत आधार द्यावा, अंगावर पांघरूण घालावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

वाचकहो, नव्या फरशीचा निर्णय सावकाश घ्या. मात्र पलंग ते न्हाणीघर ही वाट या आठवड्यातच एकदा नीट पाहा. ओल कोठे साचते, चटई कोठे सरकते आणि आपला चार पायांचा सोबती कोठे निजतो, हे टिपून ठेवा. घरातील पहिली दुरुस्ती तेथूनच सुरू करावी.