केंटचा हॉप आणि सातपुड्याचा मोह

इंग्लंडातील केंट परगण्यात एकोणिसाव्या शतकात प्रसिद्धीस आलेल्या ‘फगल’ नामक हॉपच्या वाणास, ज्याच्या शंकुसदृश फुलांनी तेथील एल मद्यास मातकट सुगंध, सौम्य कडवटपणा आणि टिकाऊपणा दिला, त्या देशाने कुलवृत्तान्त असलेल्या घराण्याइतका मान दिला; परंतु त्याच देशाच्या राज्यकर्त्यांनी मुंबई इलाख्यात १८७८ चा आबकारी कायदा जारी करून मोहाची घरगुती भट्टी गुन्ह्यांच्या सदरात टाकली आणि १८९२ च्या कायद्याने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत तर मोहाच्या फुलांच्या साठवणुकीवरही निर्बंध घातले. स्वराज्य आले, १९४९ च्या दारूबंदी कायद्याने तीच दृष्टी कायम राखली.

नंदुरबार जिल्ह्यात, अक्कलकुवा आणि धडगावच्या डोंगरांत, वसंतातील पहाटे गळणारी फुले वेचून वाळवणाऱ्या भिल्ल व पावरा कुटुंबांस हे फूल म्हणजे अन्न, देवकार्य आणि रोकड होय. हॉप मद्यास केवळ चव, सुगंध आणि टिकाऊपणा देतो, मोह तर शर्कराही स्वतःच पुरवतो. गुणांत तो उणा खासच नाही. व्यसनाने उद्ध्वस्त झालेले संसार याच पाड्यांत आहेत, हे मी नाकारीत नाही. तथापि चोरट्या भट्टीपेक्षा तपासणीखालील परवानाधारक भट्टी अधिक निर्धोक, असे माझे स्पष्ट मत आहे. गोव्याच्या काजू फेणीस २००९ साली भौगोलिक मानांकन लाभले, नवापूरच्या तूरडाळीसही ते लाभले आहे. सरकारने मोहासाठी असाच मार्ग खुला करावा, आणि परवाने धनाढ्य मक्तेदारांस न देता फुले वेचणाऱ्या स्त्रियांच्या सहकारी संस्थांस द्यावेत.