चमचाभर साखर आणि शाळेची शिस्त

आमच्या शाळांना निरोगी मुलांची फार आवड आहे. घंटा झाली की बसणारे, घंटा झाली की उठणारे, घंटेलाच भूक लागणारे आणि घंटेलाच लघवीला जाणारे मूल आम्हां मास्तरांना मनापासून आवडते. बहुतेक मुलांची शरीरे आमच्या घंटेशी कसेबसे जमवून घेतात. ज्यांचे जमत नाही, त्यांच्या नावापुढे आम्ही ‘बेशिस्त’ असा शेरा मारून मोकळे होतो. त्या शेऱ्याविरुद्ध आज मला भांडायचे आहे.

उदाहरण घेतो मधुमेही मुलाचे. मधुमेह म्हटल्यावर, ऐन फराळाच्या दिवसांत, आपल्या डोळ्यांपुढे चकलीवर आडवा हात मारून चहात मात्र साखर नको म्हणणारे एखादे काका येतील. हा तो रोग नव्हे. याला ‘टाइप वन’ म्हणतात. यात शरीराची संरक्षक फौजच चुकून घरावर उलटते आणि स्वादुपिंडातील इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारून टाकते. आईने लाडू जास्त दिले म्हणून हा होत नाही, आजीने नवस फेडला नाही म्हणूनही होत नाही. अशा मुलाला जगण्यासाठी रोज, बहुधा दिवसातून अनेकदा, इन्सुलिन टोचून घ्यावे लागते. मग इन्सुलिन, अन्न आणि खेळ यांचा मेळ सतत घालत राहावा लागतो. डबा उशिरा उघडला किंवा खेळ जास्त झाला की रक्तातली साखर ७० च्या खाली उतरते. घाम फुटतो, हात थरथरतात, पाठ असलेला पाढा आठवत नाही. दुर्लक्ष केले तर मूल बेशुद्ध पडते. उपाय मात्र हास्यास्पद वाटावा इतका सोपा आहे: तत्काळ तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून द्यायचे आणि पंधरा मिनिटांनी रक्त पुन्हा तपासायचे. मूल शुद्धीवर नसेल तर मात्र तोंडात काहीही न घालता दवाखाना गाठायचा. उलट साखर चढली, तर तहान लागते आणि लघवीला वारंवार जावे लागते.

आता या मुलाला शाळेकडून काय हवे, ते पाहा. तासाला खाण्याची मुभा. पाण्याची आणि लघवीची मुभा. बोटाला सुई टोचून साखर तपासण्याची आणि इन्सुलिन घेण्याची मुभा, तीही संडासाच्या आडोशाला लपून नव्हे. परीक्षेत साखर उतरल्याने गेलेली मिनिटे परत मिळावीत. खेळातून आणि सहलीतून नाव वगळू नये. आणि लक्षणे ओळखणारी निदान दोन मोठी माणसे शाळेत असावीत. यात इमारत बांधायची नाही, अनुदान मागायचे नाही, नवे पद निर्माण करायचे नाही. तरीही हे मागायला गेलेल्या आईची काय दशा होते? ‘काही बरेवाईट झाल्यास शाळा जबाबदार नाही’ असे लिहून द्या, म्हणतात. नाहीतर तुम्हीच दिवसभर शाळेत बसा, म्हणतात. अशी एक माउली कचेरीबाहेरच्या बाकावर, मांडीवर डबा घेऊन, घंटा मोजत बसलेली मी पाहिली आहे. तिच्या रोजगाराचा विचार तिला बाकावर बसवणाऱ्यांपैकी एकाच्याही मनात आला नव्हता.

आमच्या बाजूचे युक्तिवाद ठरलेले आहेत. पहिला, ‘नियम सर्वांना सारखा.’ मग ज्याला फळा दिसत नाही त्याला आपण पहिल्या बाकावर का बसवतो? चष्मा काढून ठेव, नियम सर्वांना सारखा, असे का म्हणत नाही? दुसरा, ‘एकाला खाऊ दिले तर सगळे मागतील.’ मागू द्या! दहा मिनिटे खर्चून वर्गाला कारण सांगा. शिक्षकांच्या खोलीपेक्षा चौथीचा वर्ग लवकर समजतो. तिसरा, ‘जबाबदारी कोणाची?’ नकार दिल्याने जबाबदारी जात नाही, फक्त रोग लपतो. शाळेला घाबरून पालक आजार सांगत नाहीत. मुलगी असली तर पुढच्या लग्नाच्या भीतीने तोंड आणखीच घट्ट मिटतात. मग एके दिवशी ती मैदानावर कोसळते, आणि तिला काय द्यावे हे भोवतीच्या दहा शिक्षकांपैकी एकालाही ठाऊक नसते.

चौथा युक्तिवाद सर्वांत लाडका: ‘वरून आदेश नाही.’ केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१७ मध्येच अशा मुलांना दहावी-बारावीच्या परीक्षेत साखरेच्या गोळ्या, फळे, खाणे आणि पाणी जवळ ठेवू दिले. राष्ट्रीय बालहक्क आयोगाने २०२३ मध्ये राज्यांना लिहिले, की वर्गातही तपासणी, इन्सुलिन आणि मधल्या वेळचे खाणे यांना परवानगी असावी. कायद्यात मात्र भोक आहे, हे मान्य. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या २१ प्रकारांत सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया आहेत, टाइप वन मधुमेह नाही. म्हणून हे मूल कागदावर दिव्यांग नाही आणि आमच्या वर्गात धडधाकटही नाही. पण पाणी प्यायला परवानगी देण्यासाठी कायद्याचे कलम लागावे, ही शिक्षकी पेशाची शोभा म्हणायची काय? आणि ज्या सिकलसेलचे नाव कायद्यात आहे, त्या विदर्भातल्या आणि नंदुरबारकडच्या मुलांनाही पाणी जवळ लागते, थंडी आणि अतिश्रम टाळावे लागतात. त्यांना तरी आपण उन्हातल्या कवायतीतून वगळतो का?

उलट आम्ही बक्षीस देतो ते शंभर टक्के हजेरीचे. आजारी न पडणे हा जणू गुण आहे, आणि महिन्याला एकदा दवाखान्यात जाणे हा दोष! हे बक्षीस आजच बंद करावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

टोरांटोत १९२२ च्या जानेवारीत लेनर्ड थॉम्पसन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचले गेले. त्यापूर्वी असे मूल वर्ष-दोन वर्षांत जात असे. इन्सुलिन शोधणाऱ्यांपैकी फ्रेडरिक बँटिंगचा जन्म १४ नोव्हेंबरचा. म्हणून तो दिवस जगभर मधुमेह दिन म्हणून पाळतात, आणि आमच्याकडे तोच बालदिन! एकाच तारखेला आम्ही मुलांना गुलाब वाटतो आणि त्यांच्यातल्याच एकाला बिस्किट खाल्ले म्हणून उभे करतो.

पालकहो, सुट्टी संपून शाळा उघडतील तेव्हा एक कागद घेऊन जा. मुलाला काय होते, लक्षणे कोणती, काय द्यायचे, कोणाला फोन करायचा, एवढे चार ओळींत लिहा आणि हेडमास्तरांची पोचसही घ्या. ज्यांची मुले ठणठणीत आहेत, त्यांनी त्या आईबरोबर कचेरीत जावे. एकटीला हाकलणे सोपे असते. आणि माझ्या व्यवसायबंधूंनो, टेबलाच्या खणात खडूच्या डब्याशेजारी साखरेची एक पुडी ठेवा. तिच्यासाठी वरून आदेश येण्याची वाट पाहू नका.