जुन्या जीपचे ब्रेक

आमच्या शाळेंतील कित्येक मुलांच्या घरीं एखादी जुनी कमांडर जीप अद्याप नांदते आहे. तीच मोसंबीच्या पेट्या घेऊन जालन्याच्या बाजारांत येते, आणि परीक्षेच्या दिवशीं चारपांच मुलांस शाळेच्या फाटकाशीं तीच उतरविते. अशा गाडीवर मोठे टायर, झगझगीत दिवे व कर्कश हॉर्न चढविण्याची हौस अलीकडे फार बोकाळली आहे. ब्रेक मात्र कोणाच्या दृष्टीस पडत नाहींत. म्हणून त्यांजवर पैसाही पडत नाहीं. हा प्रकार आम्हांस उफराटा वाटतो. मोठ्या टायरानें तर चाक अडविण्यास उलट अधिक जोर लागतो, आणि ब्रेक राहतात जुनेच!

११ डिसेंबर २०२२ रोजीं नागपूर ते शिर्डी हा समृद्धि महामार्ग खुला झाला व आमचा जिल्हा वेगाच्या वाटेवर आला. वेग दुप्पट झाला कीं गाडी थांबवितांना ब्रेकला चौपट शक्ति गिळावी लागते. तिची उष्णता होते. चारही चाकांस ड्रम असलेल्या गाडींत ड्रम तापून फुगतो, लायनरपासून दूर सरतो, आणि पेडल खोल जाऊं लागतें. डिस्क उघड्या हवेंत असल्यामुळें लवकर निवते. तेव्हां पुढच्या चाकांस डिस्क असावी ही इच्छा रास्तच आहे.

परंतु ती अंगणांत बसवूं पाहणारांस आमचा विरोध आहे. ड्रममधील शू फिरत्या ड्रमाच्याच ओढीनें अधिक आवळला जातो. डिस्कला ही आयती मदत नाहीं. तीस दाब अधिक लागतो, म्हणून योग्य मापाचा मास्टर सिलिंडर हवा, बूस्टर हवा. आणि डीझेल इंजिनांत बूस्टरला लागणारी निर्वात ओढ आपोआप मिळत नसल्यानें तिच्यासाठीं निराळा पंपही हवा. इतकें करून पुढचा-मागचा तोल चुकला व मागचीं चाकें आधीं जाम झालीं, तर ओल्या रस्त्यावर गाडी गर्रकन् फिरते. हें काम जाणत्या मिस्त्रीचें आहे.

घरीं करण्याजोगें काम निराळें आहे, आणि तेंच बहुधा राहून जातें. ब्रेक ऑइल हवेंतील ओलावा शोषतें. नवें डॉट ३ ऑइल २०५ अंशांच्या खालीं उकळत नाहीं. ओलावा भरल्यावर ही मर्यादा १४० पर्यंत उतरूं शकते. उकळल्यावर नळींत वाफ होते, वाफ दबते, आणि पेडल तळाशीं टेकतें. म्हणून तें दर दोन वर्षांनीं बदलावें व हवा काढावी. पेडल दाबण्यास घरचा मुलगा बसवावा. पुस्तकांतला पास्कलचा नियम त्यास पायाखालीं सांपडेल. मात्र गाडी विटांच्या ढिगावर उभी करूं नये, घोडे लावावे. जुन्या लायनरांत अॅस्बेस्टॉस असूं शकतो; तेव्हां ड्रममधील धूळ फुंकर मारून न उडवितां ओल्या फडक्यानें पुसावी, आणि लहान मुलांस त्या वेळीं दूर ठेवावें.

नोंदणीपुस्तकांतील वर्णनाशीं न जुळणारा फेरफार १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमास मान्य नाहीं. म्हणून डिस्क चढविण्यापूर्वीं परिवहन कार्यालयांत विचारावें. मूळ मापाचे लायनर, सिलिंडर व रबरी नळ्या नव्या घातल्यास हा प्रश्नच उद्भवत नाहीं, आणि गांवापासून शाळेपर्यंत मुलांची ने-आण करणाऱ्या बहुतेक जुन्या जीपांचें, आमच्या मतें, तेवढ्यानें भागतें.